गुडघ्याच्या कूर्चेला स्टेम सेलचं इंजेक्शन: आधी विचारा, सिरिंजमध्ये काय आहे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे २९ वर्षांचे, सांगली जिल्ह्यातले, कबड्डी खेळणारे. चौदा महिन्यांपूर्वी चढाई करताना उजवा गुडघा पिळवटला. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या गोलाव्यावर सुमारे २ सेंमी बाय १.५ सेंमी एवढी कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, हाडापर्यंत उडालेली दिसते. लिगामेंट (हाडांना बांधणारे पट्टे) आणि मेनिस्कस (दोन हाडांमधली चकती) शाबूत आहेत. एका क्लिनिकने सांगितलं की पोटाची चरबी काढून त्यातल्या स्टेम सेल त्याच दिवशी गुडघ्यात टोचू, दीड लाख रुपये होतील आणि सहा महिन्यांत नवी गादी तयार होईल. सोबत गेलेल्या ६४ वर्षांच्या वडिलांचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. त्यांनाही तेच इंजेक्शन सुचवलं, दोन्ही गुडघ्यांचं मिळून थोडं कमी करून देऊ म्हणाले. "घेऊ का?" एवढंच तुम्ही विचारलं आहे.

तुम्ही घेऊ नका आणि वडिलांनाही देऊ नका. पण दोघांना नको म्हणण्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती समजून घेतलीत तर पुढचा रस्ताही दिसेल. गेली बावीस वर्षं मी मुख्यतः गुडघ्यांचीच ऑपरेशनं करतो, आणि आता आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न समोर येतो. पेशंट तरुण असो वा म्हातारा, त्याच्या हातातला क्लिनिकचा कागद तोच असतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

तुमच्या गुडघ्यात झालीय ती जखम, आणि वडिलांच्या गुडघ्यात झालीय ती झीज. पक्क्या रस्त्यावर एक खड्डा पडला आहे आणि आजूबाजूचं डांबर चांगलं आहे, तसा तुमचा गुडघा. वडिलांच्या बाबतीत सगळ्या रस्त्याचंच डांबर पातळ झालंय, खालची खडी सरकलीय, कडेची गटारंही तुंबलीत. झिजलेल्या गुडघ्यात फक्त कूर्चा बिघडत नाही. हाड कडक होतं, कडेला हाडाचे काटे वाढतात, आतलं अस्तर सुजतं, मेनिस्कस विरतो, मांडीचा स्नायू बारीक होतो. ही दोन दुखणी एकाच सुईने बरी होतील असं जो सांगतो, त्याने तुमचा गुडघा नीट तपासलेला नाही.

कूर्चा भरून का येत नाही, हे आधी सांगतो. गुडघ्यात घातलेल्या बारीक दुर्बिणीच्या स्क्रीनवर निरोगी कूर्चा शहाळ्यातल्या जरा घट्ट झालेल्या खोबऱ्यासारखी दिसते. पांढरी, गुळगुळीत, चकाकणारी. बारीक हुकाने दाबलं की किंचित दबते आणि लगेच वर येते. गुडघ्यात तिची जाडी बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर असते. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही. वजनाचा बहुतांश भाग पाणी, ते धरून ठेवणारं कोलॅजन या प्रथिनाचं जाळं आणि प्रोटिओग्लायकन नावाचे पाणी शोषणारे रेणू, आणि या सगळ्यात विखुरलेल्या मोजक्या पेशी, आकारमानाच्या जेमतेम काही टक्के. हाताला कापलं की रक्त येतं, त्याची गुठळी होते, गुठळीत पेशी येतात आणि जखम भरते. कूर्चेत रक्तच नाही, त्यामुळे ही साखळी सुरूच होत नाही. लंडनमधल्या विल्यम हंटर यांनी १७४३ साली रॉयल सोसायटीपुढे नोंदवलं होतं की कूर्चेचा व्रण त्रासदायक असतो आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. पावणेतीनशे वर्षांनंतरही ओपीडीत बसून मला जवळजवळ तेच सांगावं लागतं.

आता सिरिंजमध्ये काय असतं ते बघू, कारण सगळी गफलत इथेच आहे.

स्टेम सेल म्हटलं की लोकांच्या मनात एक चित्र उभं राहतं: बी पेरलं, ते रुजलं, त्यातून कूर्चा उगवली. ज्या पेशींबद्दल आपण बोलतोय त्यांना मेसेन्कायमल स्टेम सेल म्हणतात. हे नाव १९९१ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ आर्नल्ड कॅप्लन यांनी रूढ केलं. प्रयोगशाळेत योग्य रसायनं दिली तर या पेशी हाड, चरबी किंवा कूर्चेच्या दिशेने वळतात, म्हणून आशा मोठी होती. पण शरीरात टोचल्यावर त्या फार काळ टिकत नाहीत आणि बहुतेक वेळा स्वतः कूर्चाही बनत नाहीत, हे हळूहळू लक्षात आलं. त्या जे करतात ते मुख्यतः आजूबाजूला रासायनिक निरोप सोडण्याचं काम, ज्यामुळे काही काळ सूज कमी होऊ शकते. म्हणूनच २०१७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच लिहिलं की या पेशींचं नाव बदला, त्यांना स्टेम सेल म्हणणं दिशाभूल करणारं आहे. ज्यांनी नाव दिलं त्यांनीच ते मागे घ्यायला सांगितलं, ही गोष्ट क्लिनिकच्या कागदावर कधी छापलेली दिसत नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. कमरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो) काढला तर त्यात अशी एक पेशी दहा हजार ते एक लाख पेशींमागे सापडते. मी स्वतः मगज काढतो तेव्हा पोकळ जाड सुई हाडात फिरवत थोडं थोडं खेचावं लागतं. एकाच जागी जोर लावून खेचलं की नुसतं रक्त येतं आणि सिरिंज भरलेली दिसते. साठ मिलिलिटर लालभडक द्रव हातात आला तरी कामाच्या पेशी किती, हे डोळ्यांना कळत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घट्ट केलं तरी त्यांची संख्या हजारांत, फार तर काही दहा हजारांत राहते. ती कोटींत न्यायची तर प्रयोगशाळेत तीन-चार आठवडे वाढवावं लागतं. चरबीत या पेशी मगजापेक्षा जास्त असतात हे खरं. पण त्या सुट्या करायला एन्झाइम वापरावं लागतं, आणि तसं केलं की ते नुसतं 'तुमचंच तुम्हाला परत देणं' उरत नाही, ते औषध बनवणं होतं. म्हणून 'त्याच दिवशी काढून त्याच दिवशी टोचू' असं कोणी म्हटलं की मी विचारतो: पेशी मोजल्या का? जिवंत किती? जंतूंची तपासणी झाली का? जंतू वाढतात की नाही हे बघायला काही दिवस लागतात, दुपारच्या आत त्याचं उत्तर येत नाही.

"पण डॉक्टर, अमक्याला फरक पडला," असं तुम्ही म्हणाल. पडला असेल, आणि मी त्यांना खोटं ठरवत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मेयो क्लिनिकमध्ये झालेला एक छोटा, पण अतिशय प्रामाणिक अभ्यास मी यासाठी नेहमी सांगतो. दोन्ही गुडघे दुखणारे २५ पेशंट घेतले. प्रत्येकाच्या एका गुडघ्यात त्याच्याच मगजातून घट्ट केलेला द्रव टोचला आणि दुसऱ्यात नुसतं सलाइन. कुठल्या गुडघ्यात काय, हे पेशंटला माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी दुखणं कमी झालं होतं, पण दोन्ही गुडघ्यांत सारखंच. हे निष्कर्ष २०१७ मध्ये छापले गेले. सलाइनच्या गुडघ्यालाही बरं वाटलं. गुडघ्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं, आणि माणूस इंजेक्शनला जातो तो भरतीच्या दिवसांत. त्यानंतर ते ओसरतं तेव्हा श्रेय सुईला मिळतं. त्यात सुईवरचा विश्वास आणि मोजलेले पैसे यांचाही भाग असतो.

मोठा अभ्यास हवा असेल तर तोही आहे. नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ मध्ये आलेल्या अमेरिकी चाचणीत झिजलेल्या गुडघ्याच्या ४७५ पेशंटचा हिशेब मांडला होता. मगजाचं घट्ट केलेलं इंजेक्शन, चरबीतून काढलेल्या पेशी, नाळेच्या ऊतीतल्या पेशी, आणि तुलनेला साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षभरानंतर तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही शे रुपयांत मिळतं. त्याचा परिणामही फार टिकत नाही हे मला माहीत आहे, पण दीड लाखाची तुलना कशाशी करायची ते यातून कळतं. २०२५ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने त्यांच्या आढाव्यासाठी निवडलेल्या आठ चाचण्या एकत्र तपासल्या आणि म्हटलं की दुखणं व हालचाल यांत थोडासा फायदा होत असेलही, पण पुरावा कच्चा आहे. नवी कूर्चा तयार होते असा विश्वासार्ह पुरावा त्यांनाही मिळाला नाही.

आता तुमच्या खड्ड्याबद्दल.

सांध्यात इंजेक्शन देणं आणि खड्ड्यात पेशी बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्याच्या पोकळीत सोडलेला द्रव सगळीकडे पसरतो, तो नेमका त्या ३ चौरस सेंटिमीटरमध्ये जाऊन चिकटणार कसा? जिथे पेशींचा खरा उपयोग दिसला आहे, तिथे त्या ऑपरेशन करून, खड्ड्याच्या कडा साफ करून, जागेवर बसवलेल्या आहेत. याची सुरुवात स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये झाली. तिथल्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी पेशंटच्या गुडघ्यातल्या कमी भाराच्या जागेवरून कूर्चेचा छोटा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनात खड्ड्यात बसवल्या. पहिल्या २३ पेशंटचा अहवाल १९९४ मध्ये आला. एक फरक लक्षात घ्या: त्या स्टेम सेल नव्हत्या, कूर्चेच्याच तयार पेशी होत्या. ही पद्धत सुधारत सुधारत आज पेशी पातळ पडद्यावर वाढवून तो पडदा चिकटवण्यापर्यंत आली आहे. भारतातही पेशंटच्या स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून बसवण्याला औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये परवानगी दिली आहे.

स्टेम सेल खड्ड्यात बसवण्याचं सगळ्यात पुढे गेलेलं उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे २०१२ मध्ये कार्टिस्टेम नावाच्या उत्पादनाला मंजुरी मिळाली. नाळेच्या रक्तातल्या पेशी जेलमध्ये मिसळून, ऑपरेशन करून हाडात पाडलेल्या छिद्रांमध्ये भरतात. त्यांच्या ११४ पेशंटच्या चाचणीत वर्षभराने खड्डा मायक्रोफ्रॅक्चर या ऑपरेशनपेक्षा (त्याबद्दल पुढे सांगतो) चांगला भरलेला दिसला, पण पेशंटच्या दुखण्यातला फरक तेव्हा दिसला नाही. तो तीन ते पाच वर्षांनी दिसू लागला. हे मला आशादायक वाटतं आणि मी त्याकडे लक्ष ठेवून आहे. पण तुम्हाला सुचवलेलं इंजेक्शन हे नाही.

मायक्रोफ्रॅक्चर म्हणजे काय, तेही सांगतो, कारण तुमच्यासमोर तो पर्याय येईल. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. खड्ड्यातला सैल कचरा काढून उघड्या हाडात बारीक टोच्याने छिद्रं पाडतात. मग दुर्बिणीतून आत सोडलेल्या पाण्याचा दाब कमी केला की त्या छिद्रांतून आधी चरबीचे बारीक थेंब येतात, त्यामागून रक्त पाझरतं. हे बघताना आजही मला समाधान वाटतं. मगजातल्या स्वतःच्या स्टेम सेल त्या गुठळीत येतात, म्हणजे एका अर्थाने हीसुद्धा स्टेम सेल थेरपीच, वेगळ्या दीड लाखाशिवाय. अडचण अशी की त्यातून तयार होते ती मूळ काचेसारखी कूर्चा नसते, तंतुमय असते. शहाबादी फरशी फुटली आणि त्या जागी सिमेंट भरलं तर खड्डा भरतो, पण फरशी होत नाही. छोट्या, साधारण २ चौरस सेंटिमीटरच्या आतल्या जखमांना हे चालून जातं. मोठ्या जखमेत दोन-तीन वर्षांत पुन्हा कुरबुर सुरू होऊ शकते. तुमची जखम ३ चौरस सेंटिमीटरच्या घरात आहे. एवढ्या किंवा याहून मोठ्या जखमांच्या १४४ पेशंटची युरोपात तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनी पडद्यावर वाढवलेल्या पेशींचा गट मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा सरस ठरला. तिसरा मार्ग मोझेकप्लास्टी, म्हणजे कमी भाराच्या जागेवरून हाडासकट कूर्चेच्या छोट्या खुंट्या काढून खड्ड्यात ठोकणं. तुमच्या आकाराला तेही जेमतेम बसेल, पण जिथून खुंट्या काढू तिथेही मग थोडं दुखतं.

यातलं काहीही ठरवण्याआधी एक गोष्ट तपासायची राहिली आहे. दुखतंय ते त्या खड्ड्यामुळेच का? १९९७ मध्ये छापलेल्या एका आढाव्यात ३१,५१६ गुडघ्यांच्या दुर्बिणीच्या तपासण्या पाहिल्या, तेव्हा ६३ टक्के गुडघ्यांत कूर्चेची काही ना काही इजा होती. एमआरआयमध्ये खड्डा दिसणं आणि तोच दुखण्याचं मूळ असणं, यात अंतर आहे. तुम्ही लिहिलंय की जिना उतरताना आतल्या बाजूला दुखतं आणि सरावानंतर संध्याकाळी गुडघ्यात पाणी भरतं. हे जुळतंय. पण मांडीचा घेर दोन्ही बाजूंनी मोजला का? दुखऱ्या बाजूला दोन सेंटिमीटर कमी भरला तर आधी तीन महिने नीट व्यायाम. कबड्डीच्या पोरांना दंड-बैठकांची सवय असते, पण जखमी गुडघ्याला खोल बैठका नकोत. सायकल, पाय सरळ ठेवून उचलणं, नितंबाच्या स्नायूंचा व्यायाम, एका पायावर तोल सांभाळणं, आणि हे फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली. माझ्याकडे ऑपरेशनची तारीख घेऊन गेलेले काही खेळाडू तीन महिन्यांनी तारीख रद्द करायला आले आहेत.

वडिलांचं बोलतो. त्यांना आधी वजनाचं सांगा. १ किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी उतरतो, हे मोजून पाहिलेलं आहे. पाच किलो उतरले तर दर पावलाला वीस किलो, आणि दिवसाची पावलं हजारांत. मांडीचे व्यायाम, उकिडवं बसणं आणि जमिनीवर मांडी घालून बसणं कमी करणं, कमोड, जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी, लावायची वेदनाशामक जेल. हे सांगताना पेशंटचा चेहरा पडतो, कारण ते नवीन वाटत नाही. पण मी तुम्हाला खात्रीने सांगतो, यांचा पुरावा त्या सिरिंजपेक्षा पक्का आहे. एवढं करूनही रात्री झोप मोडत असेल आणि चालणं घरापुरतं उरलं असेल, तर सांधेबदलाचं बोलू. ६४ हे वय त्यासाठी योग्यच आहे.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. भारतात गुडघ्याच्या झिजेसाठी एक स्टेम सेल उत्पादन अधिकृत आहे. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या, निरोगी दात्यांच्या मगजातून घेऊन वाढवलेल्या पेशींना २०२२ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, तीही मध्यम झिजेसाठी. एका मात्रेत मोजलेल्या अडीच कोटी पेशी असतात. मंजुरीआधीची चाचणी १४६ पेशंटवर झाली आणि वर्षभर दुखणं व हालचाल यांत फायदा दिसला. मी अजून सावध आहे, कारण एवढ्या एका चाचणीवर मला ठाम बोलता येणार नाही, आणि वडिलांच्या एक्स-रेत आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटली असेल तर त्या टप्प्यासाठी ते नाहीच. पण ते उत्पादन आणि क्लिनिकमध्ये दुपारी बनवलेला द्रव यांना एकाच नावाने हाक मारू नका. एकावर बॅच नंबर असतो, पेशींची संख्या लिहिलेली असते, काही बिघडलं तर जबाबदार कोण ते ठाऊक असतं.

कायदाही इथे स्पष्ट आहे. २०१९च्या नव्या औषध आणि चाचणी नियमांप्रमाणे स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन नवं औषध धरलं जातं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेली स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येते. चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक असतो, नैतिकता समितीची परवानगी असते, आणि तुमच्याकडून औषधाचे पैसे घेतले जात नाहीत. जिथे नोंदणी क्रमांक नाही आणि बिल आहे, तिथून निघून या.

हे इतक्या आग्रहाने सांगतोय त्यामागे एक चेहरा आहे. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका रात्री अकराला आमच्याकडे आल्या. पाच दिवसांपूर्वी कुठेतरी गुडघ्यात 'सेल' टोचून घेतले होते. अंगात ताप, गुडघा फुग्यासारखा, त्वचा तापलेली, चादर लागली तरी ओरडत होत्या. मी सुई घालून पाणी काढलं तर सिरिंजमध्ये पिवळट गढूळ पू आला. दुर्बिणीतून दोनदा गुडघा धुतला, सहा आठवडे अँटिबायोटिक दिली. जीव वाचला, पाय वाचला. पण तो गुडघा आता काटकोनापुढे वाकत नाही. त्यांच्या पिशवीत जे कागद होते त्यांत टोचलेल्या गोष्टीचं नाव कुठेच नव्हतं. प्रयोगशाळेला काय शोधायला सांगावं तेही आम्हाला कळेना. अमेरिकेतही २०१८ मध्ये नाळेच्या रक्ताच्या अशाच बाजारू उत्पादनाने बारा जणांना रक्तात किंवा सांध्यात जंतुसंसर्ग झाला होता, त्यांना सगळ्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं.

त्या क्लिनिकने आगाऊ रक्कम घेतली असेल तर लेखी पत्र देऊन परत मागा. आणि येत्या आठवड्यात एक साधा एक्स-रे काढून घ्या: दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहून, कंबरेपासून घोट्यापर्यंत, एकाच फिल्मवर. तो तुमच्या फाईलमध्ये नाही. गुडघा बाहेरच्या बाजूला जाऊन पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल तर सगळा भार नेमका त्या खड्ड्यावर पडतो, आणि मग कितीही चांगल्या पेशी बसवल्या तरी त्या चिरडल्या जातात. तसं असलं तर आधी नडगीचं हाड सरळ करावं लागतं, कूर्चेचं त्याच वेळी किंवा नंतर. त्या फिल्मवर खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ मारली की ती गुडघ्याच्या मधून जाते की आतून, हे पाच मिनिटांत कळतं. फिल्म आणि एमआरआयची सीडी दोन्ही घेऊन या, नुसता रिपोर्ट नको.